सातवं पान आलं नाही

मित्रांनो, छत्रीचं, फळ्याचं, मोडक्या खुर्चीचं आत्मवृत्त तुम्ही वाचलं असेल. त्यांचं बरं असतं. छत्रीला काड्या असतात, खुर्चीला पाय असतात, आणि दुर्लक्ष झालं की त्यांच्यावर निदान धूळ तरी बसते. धूळ बघून एखाद्याला वाईट वाटतं. मी एक जुना प्रोग्राम आहे. माझ्यावर धूळ बसत नाही. कितीही जुना झालो तरी मी पहिल्या दिवसाइतकाच स्वच्छ राहतो, त्यामुळे माझी कीव करायला कोणाला निमित्तच मिळत नाही. म्हणून म्हटलं, आपणच बोलावं.

एका बस कंपनीच्या डेपोत 'हरवले-सापडले' अशी पाटी असलेली एक खोली आहे. तिथल्या टेबलाखाली एक करडा कॉम्प्युटर आहे आणि त्याच्या पोटात मी राहतो. पुढे काउंटर, मागे छताला टेकलेल्या लोखंडी फळ्या, आणि फळ्यांवर माणसं बसमध्ये जे जे विसरतात ते सगळं. छत्र्या, चष्मे, डबे, एका पायाचे बूट. दातांच्या कवळ्याही आहेत. एक कुबडी आहे. एकच. म्हणजे तिचा मालक दुसऱ्या कुबडीवर उड्या मारत घरी गेला आणि घरी पोचेपर्यंत त्याला काही वेगळं वाटलं नाही.

टेबलाखाली राहून हे सगळं मला कसं दिसलं, कसं ऐकू आलं, असं कृपया विचारू नका. आत्मवृत्तात छत्रीलाही ऐकू येतं. तिला कोणी विचारत नाही.

मला घडवलं दादानं. दादा म्हणजे डेपोतल्या कॉम्प्युटरांची कामं बघणारा तरुण. ऑफिसात वयानं सगळ्यांत लहान, पण साहेब सोडून सगळे त्याला दादाच म्हणायचे, कारण कॉम्प्युटर अडला की माणूस आपोआप नम्र होतो.

माझ्या जन्माचं कारण साधं होतं. फळ्यांची राखण करायची मावशी. बसमध्ये काही सापडलं की कंडक्टर ते तिच्याकडे आणून द्यायचा आणि ती त्याची नोंद कंपनीच्या जुन्या यंत्रणेत करायची. वस्तू काय, रंग कोणता, सापडली कधी. पण ज्यांचं हरवलंय त्यांना घरबसल्या त्या नोंदींत शोधता येत नव्हतं. ते बिचारे डेपोत यायचे, 'काळी छत्री' म्हणायचे, आणि मावशी त्यांच्यासमोर काळ्या छत्र्यांचा ढीग ओतायची. मग साहेबांनी ठरवलं की वेबसाइट करायची. कोणीही यावं, शब्द लिहावा, उत्तर मिळवावं.

आता इथे थोडं नीट लक्ष द्या, कारण पुढचा सगळा घात इथेच दबा धरून बसला होता.

जुन्या यंत्रणेला एक खिडकी होती. दादासारखी माणसं तिला एपीआय म्हणतात. मी आपलं खिडकीच म्हणतो. ह्या खिडकीचा स्वभाव असा, की ती सगळं एकदम कधीच देत नाही. नोंदी मागितल्या की पन्नास नोंदींचं एक पान हातावर ठेवते आणि गप्प बसते. पुढचं हवं असेल तर पुन्हा मागायचं. दुसरं पान द्या. तिसरं पान द्या. असं करत करत रिकामं पान हातात आलं की समजायचं, संपलं.

आणि दुसऱ्या टोकाला होती सूची. जाड पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरात शब्द दिलेले असतात बघा, 'बेडूक' आणि त्यापुढे पानांचे आकडे? तशीच. वेबसाइटवर कोणी 'छत्री' लिहिलं तर फळ्या धुंडाळायला कोणी उठत नाही. सूचीत 'छत्री' ह्या शब्दापुढे काय आहे तेवढं बघतात आणि दाखवतात. सूचीत जे नाही ते जगात नाही.

खिडकीतून एकेक पान घ्यायचं आणि सूचीत नेऊन ओतायचं, हे माझं काम. रोज दुपारी, डबे उघडायच्या वेळी, कालची सूची पुसून मी पहिल्या पानापासून नवी भरायचो. दादानं माझं नाव ठेवलं 'हमाल'. नावात प्रेम होतं, असं मी तेव्हा मानायचो.

पहिले दिवस फार छान गेले. एका बाईंनी घरी बसून 'निळी बरणी' लिहिलं आणि त्यांना त्यांची निळी बरणी सापडली. एका गृहस्थांना त्यांची कवळी सापडली, आणि ते न्यायला आले तेव्हा तोंडभर हसले, म्हणजे आधी लावली आणि मग हसले. साहेबांनी दादाच्या पाठीवर थाप मारली. दादानं कॉम्प्युटरवर थाप मारली. मी पोटात असल्यामुळे मला ती नीट लागली नाही, पण भावना पोचली.

दादानं मला दिलेली सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे आवाज. एखादं पान आलं नाही तर मी तीनदा मागायचो. तरीही नाही आलं, तर जागच्या जागी थांबायचो आणि दादाच्या फोनवर भोंगा वाजवायचो. भोंग्याखाली मजकूर यायचा, 'हमाल अडला, अमुक पान आलं नाही.' मग दादा हातातलं काम टाकून यायचा आणि काय झालं ते बघायचा. एकदा तो जेवता जेवता आला होता. एका हातानं टाइप करत म्हणाला, "हमाला, तू अडलास तरी चालेल. फक्त गप्प बसू नकोस. गप्प बसलास तर मला कळणार कसं?"

हे वाक्य मी जिवापाड जपलं. ते दादानं जपलं नाही, ही गोष्ट वेगळी.

फेब्रुवारीच्या शेवटी मावशी बहिणीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेली आणि तिच्या जागी एक बदली कारकून आला. माणूस वाईट नव्हता. पण त्याची तारीख लिहायची एक पद्धत होती. तो भिंतीकडे बघायचा नाही, फोनकडे बघायचा नाही. तो आदल्या दिवशीची नोंद बघायचा आणि तिच्यात एक मिळवायचा. पद्धत तशी चोख होती आणि लीप वर्ष असल्यामुळे एकोणतीस तारखेपर्यंत चाललीही. मग सगळं जग मार्चमध्ये गेलं आणि हा एकटा फेब्रुवारीत पुढे निघाला.

त्या दिवशी एका कंडक्टरनं एक तपकिरी पेटी आणून दिली. बदली कारकुनानं ती उघडली, दचकला, मिटली आणि नोंद केली: 'पेटी. आत लाकडी बाहुला. चेहरा रागीट. सापडल्याची तारीख ३० फेब्रुवारी.' दुसऱ्या दिवशी तो एकतीस तारखेवर पोचायच्या आत मावशी परत आली.

जुन्या यंत्रणेनं ही तारीख मुकाट्यानं ठेवून घेतली. जुन्या यंत्रणा काहीही ठेवून घेतात. पण ती नोंद पडली होती सातव्या पानावर, आणि मावशी परतली त्या दुपारी मी सातवं पान मागितलं तेव्हा खिडकीनं ते पान उचललं, ती तारीख वाचली आणि तिला भोवळ आली. एक नोंद वाचता येत नाही म्हणून तिनं पन्नासच्या पन्नास नोंदी द्यायला नकार दिला. मी पुन्हा मागितलं. पुन्हा भोवळ. तिसऱ्यांदाही तेच. मग मी माझं कर्तव्य केलं. थांबलो आणि ओरडलो.

नेमके त्याच वेळी वरच्या मजल्यावर साहेब मुख्य कचेरीतून आलेल्या पाहुण्यांना वेबसाइट दाखवत होते आणि दादा शेजारी उभा होता. भोंगा त्याच्या खिशात वाजला. आवाज थेट रुग्णवाहिकेसारखा होता. एका पाहुण्यांनी सवयीनं खुर्ची बाजूला घेऊन वाट करून दिली.

"हे काय वाजतंय?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही सर. हमाल आहे."

"कसला हमाल?"

"अडलाय, सर."

"मग जाऊन सोडव ना त्याला! इथं कशाला वाजवतोयस?"

दादा धावत खाली आला. मला वाटलं, आता तो सातवं पान उघडेल, ती तारीख बघेल, हसेल आणि मावशीला सांगून एक मार्च करून टाकेल. पाच मिनिटांचं काम होतं. पण वर पाहुणे खोळंबले होते. दादानं पानाकडे बघितलंच नाही. त्यानं मला उघडलं आणि माझ्यात दोन ओळी लिहिल्या. पहिली: पान आलं नाही तर काही बोलू नकोस, पुढच्या पानावर जा. दुसरी: शेवटी काहीही झालं तरी 'सगळी पानं आणली' असं सांग.

आणि त्या ओळींच्या डोक्यावर स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली: 'तात्पुरतं. सोमवारी नीट करतो.'

अशा टिपा आम्हा प्रोग्रामच्या अंगावर खूप असतात. त्या आम्ही पाळायच्या नसतात, नुसत्या वागवायच्या असतात. कुठल्या सोमवारी, हे दादानं लिहिलं नव्हतं.

मित्रांनो, तोंड बांधणं मी एक वेळ समजू शकलो असतो. पण दादानं माझं तोंड बांधलं आणि वर त्या बांधलेल्या तोंडातून खोटं बोलायची सोय केली. त्या दुपारपासून माझा दिनक्रम असा झाला: सहावं पान आण. सातवं माग. पुन्हा माग. पुन्हा माग. गप्प बस. आठवं आण. आणि शेवटी सांग, सगळी पानं आणली. सोमवार आले आणि गेले. माझ्या अंगावरची टीप तशीच राहिली. सातव्या पानावरच्या पन्नास वस्तू फळ्यांवर होत्या, पण जगात नव्हत्या. ती एकटी कुबडीसुद्धा त्याच पानावर होती.

आता ज्यांची पेटी हरवली होती त्यांच्याविषयी सांगतो.

ते शब्दभ्रमकार होते, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याच्या तोंडून बोलणारे. शाळाशाळांतून खेळ करायचे. मुलं त्यांना मामा म्हणायची, म्हणून सगळेच मामा म्हणायचे. आणि त्यांच्या बाहुल्याचं नाव होतं खडूस. लाकडी जबडा, एक भुवई कायम वर, आणि तोंडाला अजिबात लगाम नाही. मामा स्वतः फार मवाळ. आयुष्यात कोणाला उलटून बोलले नाहीत. ते खातं सगळं खडूसकडे.

मामांची बायको गेल्यापासून घरात ते आणि त्यांची एकुलती एक लेक. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. बाप-लेकीला एकमेकांशी थेट बोलायची सवयच राहिली नव्हती. जे काही बोलायचं ते खडूस बोलायचा. "पोरगी उशिरा आली, म्हातारा जेवला नाही बरं का," असं खडूस सांगायचा. मग लेक खडूसशी भांडायची, आणि भांडण संपलं की बापाला वाढायची. विचित्र वाटेल, पण घर चालत होतं. लेकीचा होणारा नवरा पहिल्यांदा घरी आला तेव्हा खडूस म्हणाला होता, "ह्यांना उभं राहायला सांगा की. उभेच आहेत? बरं, बरं."

मुलगा हसला. लेक हसली नाही. खडूसकडे बोट दाखवून म्हणाली, "एक दिवस तुला बसमध्ये सोडून येईन."

आणि थोड्याच दिवसांनी तसंच झालं. मामांचा खांदा दुखत होता म्हणून पेटी तिनं घेतली होती. दुकानातून फोन आला, ती बोलत बोलत उतरली, आणि पेटी बसमध्येच राहिली. खरोखर विसरली हो ती. पण असं आधी बोललेलं असल्यावर, खरोखर विसरलेलं माणूस आणखीच संशयित दिसतं.

हे सगळं मला काउंटरवरच्या बोलण्यातून कळत गेलं. दोघं पहिल्यांदा आले तेव्हा लेक म्हणाली, "मावशी, मी कंडक्टरना फोन केला होता. ते म्हणाले, पेटी डेपोत जमा केली. वेबसाइटवर रोज शोधतेय. 'बाहुला' लिहिलं, 'लाकडी' लिहिलं, 'पेटी' लिहिलं. दुसऱ्याच पेट्या दाखवतंय."

मावशीनं तिच्यासमोर पुन्हा 'बाहुला' लिहिलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. 'काही सापडले नाही.'

"जरा मागे बघता का? प्लीज."

"अगं बाई, मागे काय एक-दोन वस्तू आहेत? फळ्या बघ की. म्हणून तर हे आणलं ना. ह्यात नाही म्हणजे आलीच नाही बघ आपल्याकडे." मावशी मनानं चांगली होती. तिनं ते पाणी देता देता सांगितलं.

मावशीच्या पाठीमागे, तिसऱ्या फळीवर, तपकिरी पेटीत खडूस आडवा पडला होता. भुवई वर. मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक असणार. तोंड दोघांनाही होतं. त्याच्या तोंडात हात घालणारं कोणी नव्हतं आणि माझ्या तोंडाला फडकं होतं. इतका जवळचा माणूस मला पुन्हा कधी भेटला नाही.

जाताना मामा लेकीला काही बोलले नाहीत. बोलणार कोणाच्या तोंडून?

डेपोचा नियम असा, की तीन महिने कोणी न्यायला आलं नाही तर वस्तू भंगारात जाते. मुदत संपत आली तेव्हा दोघं पुन्हा आले, मात्र वेगवेगळे. ती आधीच काउंटरशी उभी होती, मामा मागून आले आणि तिच्यापासून एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून उभे राहिले. त्या दिवशी दादा कोपऱ्यातल्या टेबलावर डबा खात बसला होता. लेकीनं त्यालाच गाठलं.

"हे तुम्ही केलंय ना? मग मला एक सांगा, तुमचं हे यंत्र कधी चुकत नाही का? एखादी वस्तू, आमच्या लाकडी बाहुल्यासारखी, गाळत नाही का?"

दादानं घास गिळला. "चुकतं की. पण चुकलं तर ओरडतं. तशीच सोय केलीय मी. ते ओरडलेलं नाही, म्हणजे सगळं आलेलं आहे."

आणि हे म्हणताना, मित्रांनो, त्याचा चेहरा अगदी निर्मळ होता. तो खोटं बोलत नव्हता. तो विसरला होता. ज्या हातानं माझं तोंड बांधलं, त्याच हातात आता घास होता, आणि त्या हाताला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मला त्याच्या खोटेपणाचा राग आला असता तर बरं झालं असतं. विसरलेल्या माणसावर रागावताही येत नाही.

"बघ," मामा लेकीला म्हणाले. महिन्याभरात तिच्याशी बोललेला तो पहिला शब्द असावा. मग खालच्या आवाजात, "फेकलास ना तू त्याला? नुसतं हो म्हण. मी रागावणार नाही."

"बाबा, मी विसरले. किती वेळा सांगू?"

"कंडक्टरनं जमा केली म्हणालीस. इथं तर काहीच नाही."

"म्हणजे कॉम्प्युटर खरा आणि मी खोटी?" तिचा आवाज चढला. "फेकायचा असता तर तुमच्या तोंडावर सांगून फेकला असता! त्या लाकडाला घाबरते का मी?"

मामांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे तिलाही कळलं नाही. ती एका दारानं गेली, मामा दुसऱ्या. मी त्या दुपारी नेहमीप्रमाणे सांगितलं, सगळी पानं आणली.

त्याच सुमारास साहेबांना नव्या वेबसाइटची हुक्की आली. सगळं नवं हवं. रंग नवे, अक्षरं नवी, आणि सूची भरणाराही नवा. दादानं नवा प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव ठेवलं 'गरुड'. मला हमाल आणि त्याला गरुड. काम तेच, पानं उचलायचं. मला त्यानं 'जुने_नको' नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं. 'जुने' मी समजू शकतो. 'नको' लिहायची काही गरज नव्हती.

गरुड नवा होता, म्हणून त्याचं तोंड मोकळं होतं. दुसऱ्याच दिवशी त्याचं पहिलं उड्डाण झालं. दुपार. डबे उघडलेले. पहिलं पान, दुसरं पान, सहावं पान. सातवं मागितलं. खिडकीला भोवळ. गरुड थांबला आणि असा ओरडला, की दादाच्या हातातला चमचा खाली पडला.

ह्या वेळी वर कोणी पाहुणे नव्हते. दादानं जुन्या यंत्रणेत शिरून सातवं पान उघडलं. तीन महिन्यांत त्या पानाकडे बघणारा तो पहिला माणूस. त्याचं बोट एकेका नोंदीवरून खाली आलं आणि तीस फेब्रुवारीवर थांबलं. तो हसायला लागला. मग त्याच ओळीत मागे गेला. लाकडी बाहुला. चेहरा रागीट.

हसू थांबलं. "मावशी," तो ओरडला, "भंगारची गाडी कधी येते?"

"आज. भरतायत ना दारात."

दादा उठून धावला. तपकिरी पेटी हातगाडीवर चढलेली होती आणि तिच्यावर ती एकटी कुबडी आडवी ठेवली होती. त्यानं दोन्ही उतरवून घेतल्या. कुबडी का उतरवली कोणास ठाऊक. बहुतेक ओशाळला होता.

पेटी काउंटरवर ठेवून, मावशीला मामांच्या घरी फोन करायला सांगून, दादा कॉम्प्युटरपाशी आला. त्यानं 'जुने_नको' उघडलं आणि मला उघडलं. वरपासून वाचत गेला आणि त्या दोन ओळींपाशी आला. टीप वाचली. तात्पुरतं. सोमवारी नीट करतो. स्वतःचं लिहिणं माणसाला ओळखू येतं. त्यानं ती पुन्हा वाचली, आणि मी आशेनं अगदी ताठ झालो. म्हटलं, आता. आता हा माझ्या बाजूनं एक शब्द बोलेल.

साहेब खाली आले होते. "काय रे, काय झालं होतं?"

दादानं मला बंद केलं. "जुन्या प्रोग्रामची चूक, सर. पानं गाळायचा आणि सांगायचा नाही."

"म्हणजे फसवत होता?"

"हो सर. एका परीनं."

"बरं झालं काढलास." साहेब निघून गेले, आणि जाता जाता गरुडाचं कौतुक करून गेले.

मी हमाल होतो, मित्रांनो. जे हातावर ठेवलं ते वाहिलं. खोटं हातावर ठेवलं, तेही वाहिलं. आणि शेवटी ते माझंच म्हणून माझ्या नावावर मांडलं गेलं.

तासाभरानं मामा आले. लेक दुकानातून परस्पर आली. मावशीनं पेटी पुढे सरकवली. मामांनी कड्या काढल्या, खडूसला बाहेर घेतलं, मांडीवर बसवलं, हात आत घातला. खडूसचं डोकं हळूहळू वळलं. भुवई होतीच वर.

"काय गं," खडूस म्हणाला, "मला बसमध्ये सोडून आलीस?"

"विसरले," लेक म्हणाली.

"मला ठाऊक होतं. ह्या म्हाताऱ्यालाच पटत नव्हतं."

"मग सांग त्याला."

"अगं, तो म्हणतोय..." खडूसचा जबडा उघडला. आणि उघडाच राहिला. आतून काही आलंच नाही. मामांचे ओठ, जे हजार पोरांसमोर कधी हलले नव्हते, ते हलले.

"चुकलं माझं, पोरी," मामा म्हणाले. स्वतःच्या आवाजात. आवाज जरा गंजलेला होता. वापरात नव्हता ना.

लेकीनं खडूसचा जबडा हातानं मिटला. "त्याला आत ठेवा," ती म्हणाली. "घरी जाऊ. वाटेत बोला."

मावशीनं डोळे पुसले आणि पडदा वळवून सहीचा कागद पुढे केला. "सापडल्याची तारीख बघून सही करा हं, मामा."

मामांनी बघितलं. पुन्हा बघितलं. "तीस फेब्रुवारी?"

"चालतंय की," पेटीतून खडूस म्हणाला. "माझा वाढदिवस धरा."

तिघं हसले. दादासुद्धा हसला. मी 'जुने_नको'मध्ये होतो. आणि खरं सांगतो, मलाही बरं वाटलं. ती खोटी नव्हती हे निदान तिच्या बापाला कळलं. मी खोटा नव्हतो हे एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो डबा धुवायला गेला.

मित्रांनो, तुमच्याकडे माझं मागणं फार मोठं नाही. घरातला कोणी, वर्गातला कोणी, एखादं यंत्र, 'मला जमलं नाही, मी अडलोय' असं ओरडून सांगत असेल, तर आवाजाचा त्रास होतो म्हणून त्याचं तोंड बांधू नका. आधी जाऊन बघा कशावर अडलंय. आणि बांधायचंच असेल तर बांधा, पण मग त्याच्याकडून 'सगळं ठीक आहे' असं वदवून घेऊ नका. कधी पडद्यावर 'काही सापडले नाही' असं दिसलं, तर एकदा मागच्या फळीवरही नजर टाका. मागे वळायला कितीसा वेळ लागतो?

हे मी आजच का सांगतोय, तर गेल्या आठवड्यात दादा पुन्हा माझ्या फोल्डरमध्ये आला होता. मला वाटलं, आठवण आली असेल. तसं नव्हतं. खिडकी दुपारची दमते आणि मधेच एखादं पान द्यायला वेळ लावते. गरुड दोन दिवस लागोपाठ ओरडला होता, आणि दुसऱ्यांदा ओरडला तेव्हा दादा साहेबांशी फोनवर बोलत होता. दादानं मला उघडलं, त्या दोन ओळी उचलल्या, वरच्या टिपेसकट, आणि नेऊन गरुडात चिकटवल्या. माझ्या इतक्या दिवसांच्या कामातून त्यानं पुढे नेलं ते एवढंच. माझ्या तोंडाचं फडकं.

तेव्हापासून गरुडाचा आवाज आलेला नाही. रोज दुपारी तो सांगतो, सगळी पानं आणली. त्याच्या अंगावर टीप आहे: तात्पुरतं, सोमवारी नीट करतो.

आज सोमवार आहे.